समकालीन नर्तक घडतात कुठून? (पणजीतल्या एका प्रयोगानंतर)

कुळागर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. डिसेंबरात पणजीला एक नृत्यप्रयोग पाहिला. महिना झाला तरी तो मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढते आहे. मी फोंड्याजवळ राहते, बँकेत नोकरी करते. नाच शिकलेली नाही. माझी मुलगी सातव्या वर्षापासून कथक शिकते आणि यंदा बारावीला आहे. तिच्यामुळेच गेलो.

रंगमंचावर चौघं होती. गोष्ट अशी काही नव्हती, आणि पहिली दहा मिनिटं मला कशालाच धरता येईना. मग एक जागा आली. कथकवाली मुलगी तत्कार (पायांनी वाजवायचे बोल) करत करत समेवर थांबली आणि त्याच क्षणी शेजारचा मुलगा उभ्याचा आडवा झाला. जराही आवाज नाही, दोरीवरून ओलं लुगडं घसरावं तसा. पुढच्या आवर्तनाला दोघांनी कामं बदलली. आता तो थांबू पाहत होता आणि ती पडू पाहत होती. त्याला थांबणं साधेना, तिला पडणं. हे न साधणं त्यांनी झाकलं नाही, तसंच आमच्यासमोर ठेवलं. चौथ्या की पाचव्या खेपेला ती जेव्हा खरंच पडली तेव्हा माझ्या मुलीने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

घरी येऊन पत्रक वाचलं. चौघांचा परिचय मिळून एक पान. ती मुलगी तीन वर्षं वास्तुकला शिकून मग नाचात आलेली. तो मुलगा ठाण्यात मैदानावर, मित्रांकडून ब्रेकिंग (म्हणजे ब्रेकडान्स) शिकलेला. तिसरा केरळातला, आठव्या वर्षापासून कळरीत, म्हणजे तिथल्या युद्धकलेच्या तालमीत. चौथ्या बाई एक्केचाळीस वर्षांच्या, भरतनाट्यम शिकलेल्या, शाळेत शिक्षिका. मी ते पान तीनदा वाचलं आणि तरी मला जे हवं होतं ते त्यात नव्हतं. ही माणसं इथवर पोचली कशी? पोट कशावर चालतं? इतक्या वेगळ्या तालमीतून आलेली चार शरीरं एकत्र काम करतात म्हणजे नक्की काय करतात?

मुलगी म्हणते, मला हेच करायचं आहे. मला तिला 'नाही' म्हणायचं नाही, पण न समजता 'हो'ही म्हणायचं नाही. जाणकारांनी लिहावं.

दादरचा प्रेक्षक

कुळागरताई, तुमची ती अदलाबदलीची जागा वाचून 'झीरो डिग्रीज' आठवलं. २००५ साली लंडनच्या सॅडलर्स वेल्समध्ये पहिल्यांदा झालं, मी ते चित्रफितीवर पाहिलंय. दोनच नर्तक, अक्रम खान आणि सिदी लार्बी शेर्कावी.

अक्रम लंडनचा, आईवडील बांगलादेशातले. लहानपणी आईने बंगाली लोकनृत्य शिकवलं, मग सातव्या वर्षी प्रताप पवारांकडे कथक. हे प्रताप पवार बिरजू महाराजांचे शिष्य. तेराव्या वर्षी पोरगा पीटर ब्रुक या नाट्यदिग्दर्शकाच्या 'महाभारता'त होता आणि त्या नाटकाबरोबर जग फिरला. कंटेम्पररीचं, म्हणजे समकालीन नृत्याचं, रीतसर शिक्षण त्यानंतरचं. शेर्कावी अँटवर्पचा, आई फ्लेमिश, वडील मोरोक्कोचे. टीव्हीवरच्या कार्यक्रमांत नाचायचा, १९९५ मध्ये बेल्जियममधली एकलनृत्याची स्पर्धा जिंकला आणि मग ब्रसेल्सच्या 'पार्ट्स' या शाळेत गेला.

प्रयोगाच्या सुरुवातीला दोघं मांडी घालून बसतात आणि अक्रमच्या बांगलादेश-भारत सीमेवरच्या प्रवासाची गोष्ट सांगतात. दोघांचे शब्द तेच, हातवारे तेच, एकाच वेळी. एका माणसाची आठवण दुसऱ्याच्या अंगात उतरवायची म्हणजे काय, ते त्या पाचसात मिनिटांत दिसतं. पुढे नाचताना मात्र दोघांचं मूळ लपत नाही. अक्रमच्या चकरा धारदार, पाय जमीन मोजणारे. शेर्कावीला जणू हाडंच नाहीत. अँटनी गॉर्मली या शिल्पकाराने दोघांच्या शरीरांचे साचे घेऊन पुतळे केले होते, तेही रंगमंचावर असतात.

आता तुमचा पहिला प्रश्न, इथवर पोचतात कशी. आपल्याकडची काही माणसं बघा. कुमुदिनी लाखिया, माहेरच्या जयकर, शेतकी शिकल्या होत्या. नर्तक राम गोपाल यांच्या मंडळीबरोबर परदेश फिरल्या, अहमदाबादेत १९६७ मध्ये 'कदंब' ही नृत्यसंस्था काढली आणि एकटीने नाचायचं कथक समूहात आणलं. पद्मिनी चेट्टूर पिलानीला रसायनशास्त्र शिकत होत्या. भरतनाट्यम लहानपणापासूनचं, पण १९९१ मध्ये त्या चंद्रलेखांच्या चमूत गेल्या आणि दहा वर्षं राहिल्या. चंद्रलेखा स्वतः आपल्याकडच्या वाडा गावच्या, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या, जन्म १९२८. कायद्याचा अभ्यास सोडून भरतनाट्यमकडे गेल्या, नाव झालं, मग नाचही बरीच वर्षं बाजूला ठेवला आणि १९८५ मध्ये 'अंगिका' घेऊन परतल्या. त्यात भरतनाट्यमच्या नर्तकी आणि कळरीपयट्टूचे गडी एका रंगमंचावर होते. त्यांच्या 'शरीर'मध्ये पुढे नाचली ती तिशानी दोशी. ती कवयित्री, नाचाचं रीतसर शिक्षण नसलेली. तरी पंधरा वर्षं तिने ते केलं.

सांखळीकर

वरची माहिती चांगली आहे. माझी शंका मात्र वेगळी आहे आणि ती मी मोकळेपणाने मांडतो, कोणी राग मानू नये.

मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. गाण्यात, नाचात मुलांना घडताना पाहिलं. एका गुरूपाशी दहा-पंधरा वर्षं बसल्याशिवाय शैली अंगात मुरत नाही. आज दोन महिने कळरी, तीन महिने कंटेम्पररी, एक योगशिबिर, आणि परिचयात सगळ्याची नावं. चार जणांनी आपापलं थोडं थोडं आणून ठेवलं की त्याला सहयोग म्हणायचं का? ताईंच्या मुलीचं कथक दहा वर्षांचं आहे. ते आत्ताच कुठे रुजत असेल. ते उपटून दुसरीकडे लावायची घाई का?

अनवाणी

सर, तुमची काळजी खरी आहे आणि तसे परिचय मीही वाचते. पण दादरकरांनी सांगितलेल्या माणसांकडे परत बघा. प्रत्येकाकडे एक तालीम अशी आहे की जी त्यांनी खोलवर केली. अक्रमचं कथक, पद्मिनीचं भरतनाट्यम. दुसरं जे आलं ते पहिल्याच्या अंगावर घासून आलं. ठाण्याच्या त्या मुलाला रीतसर गुरू नसेल, पण मैदानावर रोज चार तास, सात-आठ वर्षं, हीसुद्धा तालीमच आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग होतं, म्हणजे त्या अंगमेहनतीची मोजदाद करणारी माणसं आता आहेत.

मी बारा वर्षं या धंद्यात आहे. म्हापशाला राहते. नऊ वर्षं कथक केलं, पुढे बेंगळुरूला जाऊन कंटेम्पररी शिकले. कुळागरताई, तुमच्या मुलीला पहिल्या वर्षी काय होईल ते सांगते. कथकमध्ये आपण उभे असतो. कणा सरळ, वजन पायात, नजर समोर, शरीराचा मधला दांडा हलत नाही. कंटेम्पररीच्या वर्गात पहिल्या आठवड्यात सांगतात, जमिनीवर जा. गुडघा, मांडी, कुल्ला, खांदा, या क्रमाने, हाड आपटू न देता. मला ते यायला आठ महिने लागले. रोज वाटायचं, आपल्याला नाचच येत नाही. वजन दुसऱ्याच्या अंगावर टाकणं तर त्याहून अवघड. स्टीव्ह पॅक्स्टन या अमेरिकन नर्तकाने १९७२ च्या सुमारास ही 'कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन'ची रीत सुरू केली. तो आधी जिम्नॅस्ट होता, मर्स कनिंगहॅम या नृत्यरचनाकाराच्या चमूत नाचलेला होता आणि आयकिडो ही जपानी युद्धकलाही शिकला होता. त्या रीतीत हे सगळं दिसतं. तोल गेला तर काय करायचं हे आयकिडोवाल्याला आणि जिम्नॅस्टला माहीत असतं, आपल्या कथकमध्ये तोल जाऊच द्यायचा नसतो.

म्हणून तुम्ही पाहिलेली ती जागा मला वाचूनच कळली. त्यांनी तालमीत आधी एकमेकांचं शिकायचा प्रयत्न केला असणार. आम्ही असंच करतो. पहिला आठवडा कोणीही काही बसवत नाही. प्रत्येकाने बाकीच्यांचा एकेक वर्ग घ्यायचा. मी कळरीवाल्यांकडून बसक्या पवित्र्यात चालायला शिकते, ते माझ्याकडून तीनतालाची पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं. तिसऱ्या दिवशी सगळ्यांचे पाय सुजलेले असतात. मग कोणाला तरी न जमण्यात काहीतरी सापडतं आणि तिथून कामाला सुरुवात होते. सर, 'आपापलं थोडं थोडं आणून ठेवलं' आणि हे, यातला फरक प्रेक्षकाला कळतो. ताईंना कळलाच की.

पोटाचं नंतर लिहिते, तालमीला निघाले आहे.

मडगावचा फिजिओ

थोडंसंच लिहितो. नाचणारी मुलं माझ्याकडे येतात ती बहुतेक नडगीचं दुखणं आणि घोटा घेऊन. आणि बहुतेकांच्या तालमीची जागा म्हणजे फरशी किंवा सिमेंटची गच्ची. नाचाला खाली पोकळी ठेवून बसवलेला लाकडी मजला लागतो, तो दणका गिळतो. सिमेंट गिळत नाही, तो हाडात परत येतो. नडगीला एका ठिकाणी बोट ठेवल्यावर दुखत असेल आणि रात्री ठणकत असेल तर मुलीला नाचू देऊ नका, हाडाला बारीक चीर असू शकते. कथकवाल्यांनी कंटेम्पररी सुरू करताना खांदे आणि मनगटं आधी तयार करावीत, कारण आजवर त्यांनी हातांवर वजन घेतलेलं नसतं. शाळा निवडताना आधी मजला बघा.

अनवाणी

फिजिओसाहेब, हे कोणीतरी मला विसाव्या वर्षी सांगायला हवं होतं.

आता पोटाचं. माझं वर्ष असं असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी गोव्यात लग्नं. बाहेरगावची मंडळी किनाऱ्यावरच्या हॉटेलात येतात, त्यांच्या संगीताचे नाच बसवायचे. वधूच्या मावश्यांना चार दिवसांत एक गाणं. त्याच दिवसांत शाळांची गॅदरिंग. सकाळी आसगावला योगाचा वर्ग, विद्यार्थी बहुतेक परदेशी. पावसाळ्यात हे सगळं थांबतं आणि तेव्हाच खरं काम होतं. जून ते सप्टेंबर मी माझं नवं बसवते. घरात भिंतींना ओल, बाहेर धो धो, आणि आम्ही तिघंचौघं एका भाड्याच्या हॉलमध्ये. त्या चार महिन्यांसाठी बाकीचे आठ महिने.

मानधनाचं लेखी घ्या, हे तुमच्या मुलीला पहिल्या दिवसापासून शिकवा. एका कार्यक्रमाचे माझे पैसे दोन वर्षं अडकले आणि शेवटी मिळालेच नाहीत, कारण सगळं फोनवर ठरलं होतं. प्रयोगाचे पैसे मिळतात, तालमीचे मिळत नाहीत, ही आमची सगळ्यांची अडचण. पंचवीस मिनिटांच्या प्रयोगामागे दोन महिने असतात. तालमीचंही मानधन मागायचं असतं हे मला तिशीत कळलं.

लग्नाचे नाच बसवते हे माझ्या परिचयात कधी छापून येत नाही. पण पंचाहत्तर वर्षांच्या आजीला नाचवताना मी वजन कसं सांभाळायचं ते जितकं शिकले तितकं कुठल्या कार्यशाळेत शिकले नाही. पुण्यात हृषीकेश पवार कथक आणि जर्मनीतलं शिक्षण घेऊन आले आणि कंपवाताच्या रुग्णांबरोबर वर्षानुवर्षं नाचाचे वर्ग घेत आहेत. ते काम बघा. त्याला 'जोडधंदा' म्हणता येत नाही.

शिक्षणाबद्दल: बेंगळुरूचं 'अट्टकलरी' १९९२ पासूनचं, त्यांनी या नाचाची पदविका चालवली आणि आज दिसणारे कितीतरी नर्तक तिथून गेलेले. आपल्याकडे कला अकादमीत कथक आणि भरतनाट्यमचं शिक्षण आहे, ते सोडू नका असंच मी म्हणेन. सरांचं या बाबतीत बरोबर आहे. तिने कथक पूर्ण करावं आणि सोबत सुट्टीत कार्यशाळा कराव्यात. डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी हा कला महोत्सव असतो, २०१६ पासून. तिथे देशभरचे चमू येतात. नुसता प्रयोग बघून परतू नका, नंतर नर्तकांशी बोला. आम्हाला आवडतं.

सांखळीकर

अनवाणी, तुमचं उत्तर मन लावून वाचलं. पहिल्या आठवड्यात एकमेकांचा वर्ग घेतात हे मला ठाऊक नव्हतं. 'थोडं थोडं आणून ठेवणं' हे शब्द मी मागे घेतो. मानधनाचं वाचून मात्र वाईट वाटलं. आमच्या गावच्या दशावतारी काल्यात रात्रभर उभं राहणाऱ्या माणसांचीही तीच कथा होती.

सत्तरीची

मी जास्त शिकलेली नाही या विषयात, पण एक सांगायचं आहे. तुम्ही सगळ्यांनी कथक लिहिलं, कळरी लिहिलं, ब्रेकिंग लिहिलं. आमचं धालो आणि फुगडी कोणी लिहिलं नाही. अक्रम खानला पहिल्यांदा आईने लोकनृत्य शिकवलं, हे वर लिहिलंय आणि त्यावरून सगळे पुढे निघून गेले.

पौषात आमच्या मांडावर, म्हणजे गावाच्या पवित्र अंगणात, धालो असतात. बायका दोन रांगांत समोरासमोर. कमरेला हात घालून एकमेकींना धरलेलं. एक रांग गात पुढे येते, वाकते, मागे जाते, मग दुसरी. वाद्य नाही. मी नऊ वर्षांची असल्यापासून त्या रांगेत आहे. माझ्या डाव्या बाजूला आई असायची, आता सून असते. शेजारणीचं अंग थकलं की आपल्याला हाताला कळतं, तोंडाने सांगावं लागत नाही. अनवाणी बाय म्हणते ना, वजन दुसऱ्याच्या अंगावर टाकणं फार अवघड, ते आम्ही न शिकता केलंय.

फुगडीतही तसंच. ताल कोण देतं? आपला श्वास. 'फू' करून सोडायचा आणि त्यावर पाय पडायचे. कळशी फुगडीत तर कळशीच्या तोंडावर फुंकर मारत नाचतात.

अनवाणी

सत्तरीच्या ताई, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. तुम्ही जे 'फू' म्हणता ना, तेच आम्हाला मार्था ग्रॅहम या अमेरिकन नर्तकीच्या पद्धतीत शिकवतात. श्वास सोडला की पोट आत ओढायचं, घेतला की मोकळं करायचं, आणि सगळी हालचाल तिथून निघते. आम्ही ते इंग्रजी शब्दांत शिकलो आणि मला एकदाही माझ्या आजीची फुगडी आठवली नाही. आजी पेडण्याची होती, भाद्रपदात फुगडीला तिच्यासमोर कोणी टिकत नसे.

अस्ताद देबूंचं उदाहरण देते. जन्म १९४७, नवसारीचा. जमशेदपुरात कथक, मुंबईत अर्थशास्त्र, मग मालवाहू जहाजातून निघून लंडनला ग्रॅहमची पद्धत, परत येऊन ई. के. पणिक्करांकडे कथकली. २०२० मध्ये गेले तोवर नाचत होते. त्यांनी पुंग हा मणिपुरी ढोल वाजवणाऱ्यांबरोबर काम केलं, थांग-ता ही तिथली युद्धकला करणाऱ्यांबरोबर केलं, आणि कोलकात्यातल्या व चेन्नईतल्या कर्णबधिर मुलांबरोबर वर्षानुवर्षं केलं. ऐकू न येणारी मुलं एका तालात नाचायची. कसं, तर मोजणी मनात आणि नजर शेजारच्यावर. तुमच्या रांगेत हाताला कळतं, तिथे डोळ्याला.

मणिपुरी ढोलकऱ्यांना रंगमंचावर बरोबरीची जागा मिळाली. आमच्या गोव्यातल्या किती प्रयोगांत फुगडीवाल्या बायकांना ती मिळते? उद्घाटनाला डोक्यावर समई घेऊन करायचा समई नाच ठेवतात, मग त्यांना खाली बसवतात आणि 'मुख्य कार्यक्रम' सुरू होतो. हे मला फार लागतं.

देवळामागे

यात आणखी एक पान जोडतो. गोव्याच्या देवळांत कलावंत घराण्यांतल्या बायका गायच्या आणि नाचायच्या. त्या समाजातून केरीच्या केसरबाई केरकर आल्या, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर आल्या. गाणं मैफलीत गेलं, तबकड्यांवर गेलं, नावं झाली. नाच मात्र मागे राहिला आणि तो नाचणाऱ्यांची नावं आपल्यापाशी नाहीत. माझ्या पणजीची बहीण नाचायची एवढंच घरात सांगतात, तेही हळू आवाजात.

त्याच काळात मुंबईत लीला सोखी, म्हणजे मॅडम मेनका, कथक शिकून समूहनृत्यं बसवत होत्या, त्यांच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिनला बक्षिसं मिळवली, १९३८ मध्ये खंडाळ्याला त्यांनी नृत्यशाळा काढली. दमयंती जोशी त्यांच्याच हाताखाली वाढल्या. त्यांचा परिचय छापला गेला, आमच्या पणजीच्या बहिणीचा नाही. कुळागरताई, पत्रकावरचं ते पान तीनदा वाचूनही काहीतरी राहिलं म्हणालात, म्हणून लिहिलं.

दादरचा प्रेक्षक

देवळामागे, त्या आजींचं नाव घरात कोणाला माहीत असेल तर लिहून ठेवा, आजच.

कुळागर

सगळ्यांचे मनापासून आभार. देव बरें करूं.

काल रात्री हा सगळा धागा मुलीला वाचून दाखवला. मजल्याचं ऐकून तिने कबूल केलं की गेले तीन महिने नडगी दुखते आहे आणि मला सांगितलं नव्हतं. सोमवारी दाखवून आणते. बारावीनंतर कथकची परीक्षा पूर्ण करायची आणि मे महिन्यात एक कार्यशाळा करायची, एवढं आमचं दोघींचं ठरलं. पुढचं पुढे.

कॉलेजच्या कार्यक्रमाला ती आणि तिच्या दोन मैत्रिणी मिळून काही बसवत आहेत. एक भरतनाट्यमवाली आहे, दुसरी शिगम्यात गोफ विणते. गोफात एकीचं पाऊल चुकलं की सगळ्यांच्या दोऱ्यांचा गुंता होतो, त्यावरूनच त्यांना काहीतरी सुचलंय. पत्रकासाठी तिने परिचय लिहिला होता: गुरूंचं नाव, परीक्षा, बक्षिसं. धागा वाचून झाल्यावर तो तिने खोडला आणि नवा लिहिला. तिला विचारूनच इथे देते:

'दहा वर्षं कथक शिकते आहे. अजून पडायला येत नाही, शिकायचं आहे. आजी म्हार्दोळची, ती फुगडी घालायची. तिच्याकडून काही शिकायच्या आधी ती गेली.'

सत्तरीच्या ताई, पौष संपायला किती दिवस राहिले? तुमच्याकडे पाहायला आलो तर चालेल का?

सत्तरीची

बाय, अजून पाच रात्री आहेत. वाळपईहून पुढची वाट मी व्यक्तिगत निरोपात कळवते. मांडावर चप्पल घालून येत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा. आणि पाहायला कशाला, पोरीला सांग माझ्या उजव्या हाताला जागा आहे. नडगी बरी नसेल तर चिंता नको, धालोत उडी मारायची नसते.